साठवणीची जागा शंभरपट वाढली, तर गेम आणि सॉफ्टवेअर बदलतात की नुसती फुगतात?

कोरी_पाटी (प्रश्न)

फ्लॉपीवर १.४४ एमबी मावायचे, सीडीवर ६५०. एका उडीत साडेचारशे पट. त्यानंतरच्या उड्या बेताच्याच: डीव्हीडी ४.७ जीबी म्हणजे सातपट, ब्लू-रे २५ जीबी म्हणजे जेमतेम पाचपट, आणि आताची यूएचडी ब्लू-रे १०० जीबी.

सीडी आली तेव्हा गेमचा प्रकारच बदलला असं म्हणतात. पुढे मात्र चित्रं धारदार होत गेली आणि बाकी सगळं होतं तसंच राहिलं असं वाटतं. समजा, उद्या प्रत्येक मशीनमध्ये १० टीबी जागा अगदी किमान मानली जाऊ लागली. तर आज निव्वळ जागेअभावी अडलेलं असं गेममध्ये काय आहे, जे सुटेल? नेहमीच्या सॉफ्टवेअरचं काय होईल? आणि सगळ्यात आधी काय तुटेल?

"ग्राफिक्स खऱ्यासारखे दिसतील" हे उत्तर माहीत आहे, ते नको. आकडे घालून सांगा.

सेक्टर_२०४८

प्रश्न जागेचा विचारलाय, पण उत्तर तीन आकड्यांत आहे: किती मावतं, सेकंदाला किती वाचता येतं, आणि हवी ती गोष्ट शोधायला किती वेळ जातो. जाहिरातीत पहिला आकडा असतो, गेमची घडण उरलेले दोन ठरवतात.

सीडीच घ्या. एकपट वेगाला सेकंदाला ७५ सेक्टर, दर सेक्टरला २०४८ बाइट, म्हणजे १५० केबी. आणि वाचणारं हेड उचलून दुसरीकडे नेऊन स्थिर करायला सुरुवातीच्या ड्राइव्हना पाव सेकंदाच्या आसपास लागायचा. म्हणजे चकतीवर इकडेतिकडे विखुरलेल्या गोष्टी सेकंदाला चारच उचलता येणार. अशा माध्यमावर काय परवडतं? जे सलग वाचायचं तेच: आवाज आणि व्हिडिओ. १९९३ चा 'द सेव्हन्थ गेस्ट' दोन सीड्यांवर आला तो त्यातल्या व्हिडिओमुळे. त्याच वर्षीच्या 'मिस्ट'ने दुसरी युक्ती केली: स्थिर चित्रं, क्लिक केलं की पुढचं चित्र. तिथे अर्धा सेकंद थांबायला लागलं तरी खेळणाऱ्याला खटकत नाही, कारण पाऊल टाकायला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे नवा 'प्रकार' जन्मला तो ६५० एमबीच्या पोटातून जितका, तितकाच त्या पाव सेकंदातून.

गेमचा गाभा मात्र वाढला नव्हता. 'फायनल फँटसी सेव्हन' (१९९७) तीन सीड्यांवर होता; कोड, नकाशे, पात्रं तिन्हींवर जवळपास तीच, वेगळे होते ते प्रामुख्याने व्हिडिओ. उलट उदाहरण 'रेसिडेंट ईव्हिल टू'चं. प्लेस्टेशनवरच्या दोन सीड्यांचा हा गेम १९९९ मध्ये निन्टेंडो ६४ च्या ६४ एमबी कार्ट्रिजमध्ये बसवला. व्हिडिओ पार पिळून काढले, पण बाकी गेम उभा राहिला. व्हिडिओच्या आड गेलेला अख्खा गेम किती लहान होता ते त्यात दिसतं.

आता मी नेहमी काढतो तो हिशोब. रॅम काठोकाठ भरायला माध्यमाला किती वेळ लागतो?

पहिला प्लेस्टेशन (१९९४): २ एमबी रॅम, दुप्पट वेगाची सीडी ३०० केबी. ७ सेकंद.
दुसरा (२०००): ३२ एमबी, चौपट वेगाची डीव्हीडी सुमारे ५.३ एमबी. ६ सेकंद.
तिसरा (२००६): मुख्य आणि ग्राफिक्सची रॅम मिळून ५१२ एमबी, दुप्पट वेगाची ब्लू-रे ९ एमबी. ५७ सेकंद.
चौथा (२०१३): ८ जीबी, हार्ड डिस्कवरून ५० ते १०० एमबी. ८० ते १६० सेकंद.
पाचवा (२०२०): १६ जीबी, एसएसडीवरून न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) डेटा ५.५ जीबी. ३ सेकंद.

मधल्या दोन ओळी बघा. जागा भरपूर होती, रॅमही वाढली होती, पण ती भरायचा नळ बारीक. म्हणून त्या काळातल्या गेममध्ये लांबलचक लिफ्ट, दोन खडकांच्या फटीतून सरकत जाणं, कानाला हात लावून रेडिओवर बोलत संथ चालणं हे सगळं आलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात जे काही दिसू शकेल ते आधीच रॅममध्ये धरून ठेवावं लागायचं, म्हणजे डोळ्यांसमोरच्या गोष्टींना रॅमचा थोडाच हिस्सा मिळायचा.

आणि इथेच तुमच्या 'फुगणे' या शब्दाचं उत्तर आहे. हार्ड डिस्कच्या हेडला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला सुमारे १० मिलिसेकंद. एकेक वस्तू ६४ केबीची आणि विखुरलेली असेल, तर सेकंदाला १०० उड्या, म्हणजे फक्त ६.४ एमबी हाती लागतात. तीच डिस्क सलग वाचली तर १०० एमबी देते. मग करतात काय? प्रत्येक भागाचा सगळा माल एकत्र, सलग लिहून ठेवतात, आणि सगळीकडे लागणारी वस्तू प्रत्येक गठ्ठ्यात पुन्हा घालतात. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये टपालपेटीसारख्या काही वस्तूंच्या डिस्कवर ४०० पर्यंत प्रती होत्या. प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या भाषणात हे सांगितलं होतं. हा आळस नव्हता. जागा खर्चून वेळ विकत घेतला होता.

एसएसडीवर ती उडी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होते, त्यामुळे प्रती ठेवायचं कारण संपतं. 'हेलडायव्हर्स टू'चं पीसीवरचं ओझं सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आलं (२०२५), ते निव्वळ प्रती काढून. मजा म्हणजे हार्ड डिस्कवरही लोडिंग फारसं लांबलं नाही, कारण खरा वेळ नकाशा तयार करण्यात जात होता आणि फायली त्याच वेळात मागे वाचून होत होत्या. म्हणजे १३१ जीबी खर्चून जो वेळ विकत घेतला होता, तो तिथे विकायलाच नव्हता.

तेव्हा '१० टीबी' एवढंच सांगून भागत नाही. ती जागा २५० एमबी वेगाच्या हार्ड डिस्कवर असेल तर नुसती एकदा वाचून काढायला ११ तास. ७ जीबी वेगाच्या एनव्हीएमई एसएसडीवर असेल तर २४ मिनिटं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गेमसुद्धा वेगळी निघतील.

रंगपेटी

वरचं पटलं. मी फक्त माल कुठे जातो त्याचा हिशोब मांडते, म्हणजे १० टीबी कशाला पुरतात, कशाला नाही, ते दिसेल.

एक ४०९६ गुणिले ४०९६ चं टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र), बीसी७ मध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डला थेट वाचता येणाऱ्या स्वरूपात दाबलेलं, पिक्सेलला १ बाइट: १६ एमबी. लहान प्रतींची उतरंड म्हणजे मिपमॅप धरली की वर एक तृतीयांश, २१.३ एमबी. एका मटेरियलला रंग, नॉर्मल (बारीक उंचवटे) आणि खडबडीतपणा-धातू-सावली यांचं एकत्र, अशी तीन लागली तर ६४ एमबी. २,००० मटेरियल म्हणजे १२८ जीबी. सगळं ८१९२ वर नेलं की चौपट, ५१२ जीबी.

पण ४के पडद्यावर पिक्सेल आहेत ८३ लाख, आणि ८१९२ च्या एकाच टेक्स्चरमध्ये टेक्सेल (टेक्स्चरचे पिक्सेल) आहेत ६.७ कोटी. नाक भिंतीला लावल्याशिवाय त्यातलं बहुतेक दिसतच नाही. त्यामुळे रिझोल्यूशन वाढवत नेणं हा जागेचा सगळ्यात वाया जाणारा उपयोग. माझ्या मते जागेने खरंच काही नवं मिळत असेल तर ते वेगळेपण: एकही वीट, एकही चिखलाचा डाग दुसऱ्यासारखा नसलेलं जग. आयडी सॉफ्टवेअरने 'रेज'मध्ये (२०११) हे करून पाहिलं, सगळ्या जमिनीला एकच अखंड प्रचंड टेक्स्चर. एक्सबॉक्स ३६० वर तीन डीव्हीड्या लागल्या आणि तरी जवळ गेलं की पृष्ठभाग धूसर, कारण एवढं मावण्यासाठी दाबून दाबून तपशील उडाला होता. शिवाय मान झटकन वळवली की मागून टेक्स्चर एकेक उमटताना दिसायचं, ते पुन्हा वाचनाच्या वेगाचं दुखणं.

आज तेच करायचं तर? चार किलोमीटर बाय चार किलोमीटरची जमीन, दर सेंटिमीटरला एक टेक्सेल: ४ लाख गुणिले ४ लाख, १६,००० कोटी टेक्सेल. एक थर १६० जीबी, तीन थर आणि मिपमॅप धरून ६४० जीबी. हे १० टीबीत आरामात बसतं. आता सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर करा: शंभरपट, ६४ टीबी. म्हणजे पायाखालची माती मिलिमीटरपर्यंत अनोखी ठेवायची असेल तर १० टीबीसुद्धा तोकडे. तिथे जवळून दिसणारा तपशील लहान तुकडा परत परत लावून भागवायचा आणि अनोखेपण फक्त सेंटिमीटरपर्यंत, हाच मार्ग राहतो.

भूमितीचं तसं नाही. अनरियल या गेम इंजिनच्या नॅनाइट यंत्रणेमध्ये एका त्रिकोणाला डिस्कवर सरासरी १४.४ बाइट लागतात, दहा लाख त्रिकोणांची मूर्ती साधारण १४ एमबी. एका ४के टेक्स्चरपेक्षा कमी! बरेच जण उगाच मेश (त्रिकोणांची जाळी) छाटत बसतात आणि टेक्स्चर तसंच ठेवतात.

आवाज: बोलणं ओपस या दाबलेल्या स्वरूपात ६४ केबीपीएसला तासाला २९ एमबी. शंभर तासांचे संवाद २.९ जीबी, दहा भाषा धरल्या तरी २९. इथे अडचण जागेची कधीच नव्हती, स्टुडिओत बसून शंभर तास बोलणाऱ्यांची आहे. 'टायटनफॉल'च्या (२०१४) ४८ जीबीपैकी ३५ जीबी न दाबलेला आवाज होता, तोसुद्धा दोन कोअरच्या पीसींना आवाज उलगडत बसायला लागू नये म्हणून. पुन्हा जागा देऊन वेळ घेतला.

हालचालींत मात्र मला खूप वाव दिसतो. मोशन मॅचिंगमध्ये हाताने जोडलेल्या ॲनिमेशनऐवजी टिपलेल्या हालचालींचा मोठा साठा ठेवतात आणि दर काही फ्रेमला 'आत्ता सगळ्यात जुळणारी पोज कोणती' ते शोधतात. ६० हाडं, प्रत्येकी ७ फ्लोट, सेकंदाला ३० पोज: न दाबता तासाला १८१ एमबी. शोधायला लागणारं वर्णन त्याहून कितीतरी लहान. पोजला २७ आकडे धरले तर तासाला ११.७ एमबी. म्हणजे वर्णन रॅममध्ये, पोज डिस्कवर. १०० तासांच्या हालचाली डिस्कवर १८ जीबी आणि रॅममध्ये १.२ जीबी. दमलेला माणूस, लंगडणारा, ओझं घेतलेला, ओल्या फरशीवर चालणारा, असा प्रत्येकाचा स्वतंत्र साठा ठेवता येतो. बिघडतं कुठे: साठ्यात जवळजवळ सारख्या पोज खूप झाल्या की निवड दोघींमध्ये हेलकावत राहते आणि पाय थरथरतो. चालू क्लिपला थोडं झुकतं माप द्यायचं, म्हणजे ते थांबतं.

कोरी_पाटी

छान. पण हे सगळं वाचायच्या बाजूचं झालं. लिहायच्या बाजूला काय? जगात केलेला प्रत्येक बदल कायमचा टिकवायचा, कुठल्याही क्षणाला मागे जायचं, असं काही? आणि सॉफ्टवेअरवर अजून कोणी बोललं नाही.

उलटगणती

मागे जाण्याबद्दल आधी.

सगळी स्थिती दर वेळी अख्खी लिहायची म्हटली तर जागेआधी झीज आडवी येते, कारण एसएसडी लिहून लिहून झिजते. २ जीबीची स्थिती मिनिटाला एकदा लिहिली तर तासाला १२० जीबी, रोज पाच तास खेळलं तर ६०० जीबी. १ टीबीच्या साध्या एसएसडीला साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. म्हणजे एका गेमने हजार दिवसांत हमी संपवली.

दुसरं टोक डूमचं (१९९३). रेकॉर्डिंगमध्ये चित्र नाही, स्थिती नाही, फक्त खेळणाऱ्याने काय दाबलं ते: दर टिकला (गेमच्या घड्याळाच्या एका ठोक्याला) ४ बाइट, सेकंदाला ३५ टिक. तासाला सुमारे ५०४ केबी. अख्खा तास फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात! पण तासाभराच्या शेवटी जायचं तर सुरुवातीपासून सगळं पुन्हा चालवावं लागतं, आणि एक बंदुकीचा आकडा बदललेला पॅच आला की जुनं रेकॉर्डिंग दुसऱ्याच खोलीत भिंतीवर डोकं आपटत बसतं.

मोठ्या जागेमुळे मधला रस्ता परवडतो. क्रम असा:
दर ३० सेकंदांना स्थितीचा टप्पा घ्या, पण रॅमची फक्त बदललेली पानं (ठराविक मापाचे तुकडे) लिहा. ४ केबीऐवजी ६४ केबीची पानं घेतली तर नोंदवही लहान राहते.
दोन टप्प्यांच्या मध्ये फक्त इनपुट, टिकच्या क्रमांकासह.
प्रत्येक टप्प्यासोबत स्थितीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा. परत चालवताना हॅश जुळला नाही तर त्या ३० सेकंदांतच काहीतरी फाटलंय हे कळतं.
दर दहा मिनिटांनी एक अख्खी प्रत, म्हणजे बदलांची साखळी लांबत नाही.

फाटतं बहुतेक वेळा तीन गोष्टींनी: यादृच्छिक आकड्यांचं बी (सीड) दृश्य परिणामांनीही वापरलेलं (ठिणग्यांना वेगळा जनरेटर द्या), थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) संपण्याच्या क्रमावर अवलंबून असलेलं गणित, आणि पॉइंटरच्या, म्हणजे रॅममधल्या, पत्त्यावरून क्रम लावणारे हॅश टेबल. शेवटचं सापडायला सगळ्यात त्रासदायक, कारण डिबगरमध्ये पत्ते बदलत नाहीत आणि सगळं गुण्यागोविंदाने चालतं.

सेव्ह फाइल थेट जुनीवर कधीच लिहू नका. बाजूला नवी लिहा, एफसिंक करा (ती खरंच डिस्कवर उतरवा), मग नाव बदला, आणि मागच्या तीन पिढ्या ठेवा. जागेची ददात नसताना एकच सेव्ह ठेवणं हा निव्वळ कंजूषपणा.

आता सॉफ्टवेअर. इथे मोठ्या जागेचे दोन अगदी वेगळे परिणाम आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला, प्रत्येकाने आपापलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं. इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेलं प्रत्येक ॲप आपला क्रोमियम, म्हणजे अख्खा ब्राउझर, बरोबर आणतं, कंटेनर (बंद डब्यासारखं पॅक केलेलं सॉफ्टवेअर) अख्खी लायब्ररी बरोबर आणतो. याला शिव्या पडतात, पण फायदा खरा आहे: एकाची लायब्ररी बदलल्याने दुसऱ्याचं मोडत नाही. डिस्कवरची पुनरुक्ती हॅशनुसार एकच प्रत ठेवून काढता येते. रॅममधली तितकी सहज नाही. वेगवेगळ्या आवृत्त्यांची पानं एकमेकांत वाटली जात नाहीत. म्हणजे जागा स्वस्त झाली म्हणून सुरू केलेली सवय रॅमच्या खात्यात वसूल होते.

दुसरा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो: आकडेमोड कायमची करून ठेवणं. बुद्धिबळाचे सिझिजी टेबलबेस बघा. राजे धरून सहा मोहऱ्यांपर्यंतच्या प्रत्येक स्थितीचं अचूक उत्तर, सुमारे १५० जीबी. सात मोहऱ्यांचं, जे २०१८ मध्ये पुरं झालं, १८.४ टीबी. एक मोहरा वाढला की सव्वाशेपट. १० टीबीच्या मशीनवर सहाचं आरामात बसतं, सातचं बसत नाही, आणि आठचं नावच काढू नका. वापरताना चूक होते ती अशी: हे टेबल हार्ड डिस्कवर ठेवतात. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, सेकंदाला हजारो विखुरलेले प्रश्न विचारतं, प्रत्येकाला १० मिलिसेकंद, आणि इंजिन टेबल असल्यामुळे आधीपेक्षा कमकुवत खेळतं. जय-पराजयाच्या फायली एसएसडीवर हव्यातच. अंतराच्या फायली, म्हणजे डीटीझेड (पुढच्या माऱ्यापर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंत किती चाली), बहुतेक पटावरच्या मूळ स्थितीलाच वाचल्या जातात, त्या हार्ड डिस्कवर चालतात.

भाषेची मॉडेलं याच जातीची. ७०० कोटी आकड्यांचं मॉडेल १६ बिटांत १४ जीबी, ४ बिटांत साडेतीन. पण दर शब्दाला सगळे आकडे वाचावे लागतात. ७ जीबी वेगाच्या एसएसडीवरून थेट वाचलं तर १४ जीबीला शब्दामागे २ सेकंद. जागा आहे म्हणून डिस्कवर शंभर मॉडेलं ठेवा, चालेल. चालवायचं तेव्हा ते रॅममध्येच मावायला हवं.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे डॉट-क्रीगर (२००४): आख्खा त्रिमितीय गेम ९६ केबीत, टेक्स्चर आणि मेश सुरुवातीला सूत्रांतून घडवलेले. चालताना मात्र रॅम शेकडो एमबी खातो आणि सुरू व्हायला तिष्ठत ठेवतो. जागा शून्याजवळ, वेळ भरपूर. त्याच तराजूचं दुसरं पारडं.

पॅचवाला

"सगळ्यात आधी काय तुटेल" याचं उत्तर: पाइप. डिस्क १० टीबीची झाली म्हणून लाइन वाढत नाही. १०० जीबी, ५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट): १६,००० सेकंद, जवळजवळ साडेचार तास. १ टीबीचा गेम म्हणजे पावणेदोन दिवसांपेक्षा जास्त. २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर खोक्यात दहा डीव्हीड्यांवर विकला, आणि पृथ्वीचा उरलेला २ पेटाबाइटचा डेटा सर्व्हरवरच ठेवून उडता उडता ओढला. एवढ्या मापाला घरातली कुठलीच डिस्क पुरत नाही, हे तिथे आधीच मान्य केलेलं होतं.

पण पहिल्या डाउनलोडपेक्षा पॅच जास्त छळतात, आणि ते बहुतेक वेळा आपल्याच हातचं असतं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान फाइलचे साधारण १ एमबीचे तुकडे करतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. मग ५ एमबीची एक वस्तू बदलली तर ४० जीबीचा पॅच का येतो? घोडं इथे पेंड खातं:

पॅक फाइलमध्ये (अनेक वस्तूंच्या एकत्र गठ्ठ्यात) नवी वस्तू मध्येच घुसवली, मागचं सगळं सरकलं. फाइल नावाच्या अकारविल्हे क्रमाने लावणारी साधनं हे हमखास करतात. नवी वस्तू शेवटी जोडा किंवा वेगळ्या पॅकमध्ये घाला.

सगळा पॅक एकाच प्रवाहात दाबला किंवा एकत्र एन्क्रिप्ट केला. एक बाइट बदलला की पुढचं सगळं बदलतं. प्रत्येक वस्तू स्वतंत्र दाबा.

बांधणीची तारीख-वेळ प्रत्येक वस्तूच्या शीर्षकात. मजकूर तोच, तरी प्रत्येक तुकडा नवा.

वस्तूंच्या जागा फाइलभर विखुरलेल्या नोंदींत. विषयसूची एका जागी ठेवा, म्हणजे तीच तेवढी बदलते.

अनरियलमध्ये पॅक बांधताना पॅच-पॅडिंग १०४८५७६ वर म्हणजे नेमकं १ एमबीवर जुळवा. थोडी जागा वाया जाते, पॅच खूप लहान होतो.

चाचणी सोपी: काहीही न बदलता दोनदा बांधा आणि दोन्ही पॅकचे हॅश ताडून बघा. वेगळे आले तर अजून पहिल्याच पायरीवर आहात.

आणखी एक: बदललेली पॅक फाइल जुनीच्या शेजारी नव्याने बांधली जाते, मग जुनी जाते. ६० जीबीचा एकच पॅक असेल तर २०० केबीच्या पॅचलाही ६० जीबी मोकळी जागा आणि तेवढं लिहिणं. एक-दोन जीबीचे पॅक ठेवा. भाषा आणि ४के टेक्स्चर वेगळे, मागितले तरच उतरणारे.

कोरी_पाटी

शेवटचा प्रश्न. २० जीबी मालाचा गेम, हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्हींवर चालायला हवा. प्रती ठेवाव्यात की नाही, हे ठरवायचं कसं?

सेक्टर_२०४८

अंदाजाने नाही, मोजून.

आधी कॅशे (आधी वाचलेल्याची रॅममध्ये उरलेली प्रत) रिकामा करा. विंडोजवर रॅममॅप या साधनातून स्टँडबाय यादी, लिनक्सवर ड्रॉप-कॅशेस ही आज्ञा. हे विसरलं की दुसऱ्या वेळेला सगळं रॅममधूनच येतं आणि हार्ड डिस्क चक्क एसएसडीसारखी वाटते. निम्मे चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात.

मग प्रत्येक वाचनाची नोंद काढा: फाइल, कुठून, किती, कधी. दोन आकडे हवेत. एकूण वाचलेले बाइट, आणि सलग नसलेल्या वाचनांची संख्या. उड्या गुणिले १० मिलिसेकंद अधिक बाइट भागिले १०० एमबी, हा हार्ड डिस्कवरचा वेळ. समजा एका लेव्हलला ६०० एमबी आणि ९०० उड्या: ६ सेकंद वाचन, ९ सेकंद नुसतं हेड हलवणं.

आता प्रती न ठेवता त्याच नोंदीच्या क्रमाने पॅक लावा. एवढ्याने उड्या बऱ्याचदा पाचव्या हिश्शावर येतात. ९०० च्या १८० झाल्या तर ९ सेकंदांचे १.८ उरले. एवढ्यासाठी २० जीबीचे ६० करायला जाऊ नका. आणि या सगळ्याच्या आधी, डिस्क वाचत असताना सीपीयू दुसरं काही करतोय का ते बघा. लेव्हल बांधायलाच १२ सेकंद लागत असतील तर डिस्कचे ८ सेकंद त्याच्याच पोटात जातात.

दाबण्याची पद्धत माध्यमावरून निवडा. झेडलिब ही दाबण्याची पद्धत एका कोअरवर सेकंदाला ढोबळमानाने ४०० एमबी उलगडते, एलझेड४ ही दुसरी काही जीबी. हार्ड डिस्कला झेडलिबसुद्धा जास्त. ७ जीबीच्या एसएसडीपुढे झेडलिबला सतराअठरा कोअर लागतील. प्लेस्टेशन ५ मध्ये क्रेकन (तशीच आणखी एक पद्धत) उलगडायला वेगळं हार्डवेअर दिलंय ते याचसाठी, झेन २ प्रोसेसरच्या नऊ कोअरचं काम ते करतं. पीसीवर तुमच्या मापाला झेडस्टँडर्ड, २५६ केबीचे स्वतंत्र तुकडे, चार थ्रेड. पुरतं.

रंगपेटी

त्यात एक भर. टेक्स्चर आधी बीसी७ करून मग झेडस्टँडर्डने दाबलं तर फारसं आटत नाही. बीसी७ करतानाच दरावर मर्यादा घालणारा एन्कोडर, म्हणजे आरडीओ, चालवा. शेजारचे ब्लॉक एकमेकांसारखे होतात आणि मग वरचं दाबणं कामाला येतं. नॉर्मल मॅपवर मात्र जपून, गुळगुळीत धातूवर चौकोन उमटतात.

पॅचवाला

जाता जाता, या धाग्यात एमबी-जीबी दोन्ही अर्थांनी आलेत (टेक्स्चरचे १६ एमबी १०२४ च्या हिशोबाने, डिस्कचे १०० जीबी १००० च्या), म्हणून सांगतो. फ्लॉपीचे १.४४ तर दोन्हींत बसत नाहीत: ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६० बाइट, म्हणजे १४४० गुणिले १०२४. एक गुणक हजाराचा आणि एक १०२४ चा. फ्लॉपीला ते खपून गेलं. पण १०० जीबीच्या चकतीवर विंडोजच्या भाषेत फक्त ९३.१ जीबी बसतात. एक्सप्लोररमध्ये '९५ जीबी' दिसणारा बिल्ड खरा १०२ जीबीचा असतो आणि मास्टरिंगच्या (मूळ चकती बनवण्याच्या) दिवशी चकतीवर मावत नाही. अंदाजपत्रकात सगळीकडे बाइट लिहा.